ऑपेरा गायनाच्या इतिहासातले स्वयंघोषित तज्ज्ञ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी ऑपेराच्या जुन्या ध्वनिमुद्रिका जमवतो आणि चार रसिकांना एकत्र बसवून ऐकवतो. सत्र संपलं, चहा आला, की हमखास कुणीतरी विचारतं, "अमुक जाणकार असं म्हणतात, ते खरं का?" तेच ते प्रश्न इतक्या वेळा आले की एकदा सगळी उत्तरं नीट लिहून ठेवावीत असं वाटलं. ज्यांनी ऑपेरा फारसा ऐकलेला नाही, पण आपल्याकडच्या मैफली आणि त्यामागच्या आख्यायिका ज्यांना ओळखीच्या आहेत, त्यांनाही यातलं बरंच काही जवळचं वाटेल.

स्वयंघोषित तज्ज्ञ म्हणजे नेमकं कोण?

ज्यांच्याकडे पदवी नाही ते सगळे, असं मी म्हणत नाही. शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या गळ्याबद्दल जो ठाम विधान करतो, आणि "हे तुम्हाला कशावरून कळलं?" असं विचारल्यावर ज्याच्याकडे "मला माहीत आहे" यापलीकडे उत्तर नसतं, त्याच्याबद्दल मी बोलतोय. असा माणूस संगीत महाविद्यालयात शिकवत असेल, किंवा उत्तम गातही असेल. आपला स्वर लावता येणं वेगळं आणि दुसऱ्याने १८३७ मध्ये तो कसा लावला होता हे सांगता येणं वेगळं.

म्हणजे हौशी माणसाचं ऐकायचं की नाही?

जरूर ऐकायचं. या विषयातलं कितीतरी मोलाचं काम हौशी माणसांनीच केलं आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात लायोनेल मेपल्सन नावाचे ग्रंथपाल होते. १९०१ ते १९०३ या काळात त्यांनी एडिसनचं यंत्र लावून चालू प्रयोगातले तुकडे मेणाच्या नळकांड्यांवर टिपले. एकेक तुकडा जेमतेम दोन मिनिटांचा आणि खरखर इतकी की पहिल्यांदा ऐकणारा वैतागतो. पण जाँ द रेश्के या त्या काळच्या सर्वांत मानल्या गेलेल्या टेनरचा (म्हणजे पुरुषांच्या उंच पट्टीतल्या गायकाचा) आवाज आज कुठे ऐकू येत असेल, तर याच नळकांड्यांवर.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. भारतात ध्वनिमुद्रित झालेली पहिली गायिका गौहर जान, असं आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. ऑस्ट्रेलियातले संग्राहक मायकेल किनियर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या नोंदी, तबकड्यांचे क्रमांक आणि तारखा जुळवून पाहिल्या. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात शशिमुखी आणि फणिबाला या दोघींचं गाणं गौहर जानच्या आधी, अगदी थोड्याच दिवसांपूर्वी, मुद्रित झालं होतं असं त्यातून निघालं. गौहर जानची थोरवी त्याने तसूभरही कमी होत नाही. ते मुद्रण करणारे फ्रेड गायसबर्ग त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिलानच्या एका हॉटेलात इटलीचा टेनर एन्रिको कारुझो याच्या पहिल्या दहा तबकड्या करून आले होते. एकाच माणसाच्या एकाच वर्षाच्या प्रवासात ऑपेराचा आणि आपल्या संगीताचा ध्वनिमुद्रित इतिहास असा एकत्र येतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

ध्वनिमुद्रण येण्याआधीचे गायक कसे गात, हे कुणाला खात्रीने सांगता येतं का?

आवाज कसा होता हे नाही सांगता येत. त्याबद्दल लोकांनी काय लिहिलं, एवढंच सांगता येतं. स्वीडनची विख्यात गायिका जेनी लिंड १८८७ मध्ये वारली आणि तिच्या आवाजाचं एकही मुद्रण आज उपलब्ध नाही. तिच्या नावाने एखादी फीत फिरत असेल, तर ती तिची नाही.

लिहिलेल्या पुराव्यातही प्रतवारी असते. अठराव्या शतकातला सर्वांत गाजलेला कास्त्रातो गायक (आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच ज्याचं खच्चीकरण केलेलं असे, तो कास्त्रातो) फारिनेल्ली, म्हणजे कार्लो ब्रोस्की, १७३७ मध्ये माद्रिदला गेला. राजा पाचवा फिलिप खिन्नतेने ग्रासला होता, आणि त्याला बरं वाटावं म्हणून फारिनेल्ली रोज रात्री त्याच चार आरिया (ऑपेरातली एकल गाणी) गायचा, राजाच्या मृत्यूपर्यंत दहा वर्षं, अशी गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती वाऱ्यावरची नाही. १७७० मध्ये इंग्लंडचे चार्ल्स बर्नी बोलोन्याला जाऊन म्हाताऱ्या फारिनेल्लीला भेटले, त्याच्याशी बोलले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ती छापली. गायक स्वतः सांगतोय आणि भला अभ्यासक लिहून घेतोय, आणखी काय हवं?

पण फारिनेल्लीने माद्रिदहून पाठवलेली पत्रंही आपल्याकडे आहेत. १७३८ च्या पत्रात तो आपल्या आश्रयदात्याला लिहितो की रोज रात्री आठ-नऊ आरिया गाव्या लागतात, विश्रांती म्हणून नाही. शिवाय राजा १७४६ मध्ये वारला, म्हणजे दहा वर्षंही भरत नाहीत. तेहतीस वर्षांनंतरची आठवण आणि त्याच दिवसांतलं पत्र यांत फरक पडला, तर मी पत्रावर विश्वास ठेवतो. फारिनेल्ली खोटं बोलला असं मला वाटत नाही. काही आरिया राजाच्या विशेष आवडीच्या असतील, त्या पुनःपुन्हा गायल्या गेल्या असतील आणि म्हातारपणी तेवढ्याच लक्षात राहिल्या असतील. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीही अशाच आकसत जातात. "चारच आरिया, दहा वर्षं" असं छातीठोक सांगणाऱ्या जाणकाराने ती पत्रं पाहिलेली नाहीत एवढं मात्र नक्की.

पण फारिनेल्लीचा आवाज तर ऐकायला मिळतो!

तो त्याच्यावरच्या १९९४ च्या चित्रपटासाठी तयार केलेला आवाज आहे. एक सोप्रानो (उंच पट्टीतली) गायिका आणि एक काउंटरटेनर (स्त्रियांच्या पट्टीत गाणारा पुरुष) यांचे आवाज पॅरिसच्या प्रयोगशाळेत संगणकावर एकमेकांत मिसळले गेले. काम देखणं झालं आहे, पण इतिहासाचा पुरावा म्हणून त्याला काही किंमत नाही.

मग कास्त्रातो गायकांचा खरा आवाज म्हणून जी तबकडी ऐकवतात ती कुणाची?

अलेस्सांद्रो मोरेस्कीची, आणि ती अस्सल आहे. १९०२ आणि १९०४ मध्ये रोममध्ये त्याचं गाणं मुद्रित झालं. एकल गाणारा कास्त्रातो तबकडीवर ऐकू येतो तो एवढाच.

इथे माझी चूक सांगायला हवी. कित्येक सत्रांत मी ती तबकडी "ऑपेरातल्या कास्त्रातोंचा आवाज" म्हणून लावली. एकदा मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "हे गृहस्थ कोणत्या ऑपेरात काम करायचे?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं, की मोरेस्की व्हॅटिकनच्या सिस्टाइन चॅपलमध्ये गाणारा, चर्चच्या संगीतात वाढलेला गायक होता. तो १८५८ चा. ऑपेराच्या रंगमंचावरचा शेवटचा मोठा कास्त्रातो वेल्लुती. संगीतकार मायरबेअरने त्याच्यासाठी १८२४ मध्ये व्हेनिसला भूमिका लिहिली होती, आणि मोरेस्की जन्मला तेव्हा ती परंपरा रंगमंचावरून उठून गेली होती. एखाद्या कीर्तनकाराची तबकडी लावून "ही पहा संगीत नाटकाची गायकी" म्हणावं, तसं मी करत होतो. मोरेस्कीवरून फारिनेल्लीचा अंदाज बांधता येत नाही, आणि मोरेस्कीचं गाणं आज कानाला विचित्र लागतं म्हणून सगळ्या कास्त्रातोंना नावं ठेवणं तर त्याहून वाईट.

इटलीत दरवर्षी ४००० मुलांवर ती खच्चीकरणाची शस्त्रक्रिया व्हायची, हे खरं का?

हा आकडा सगळीकडे छापलेला दिसतो, पण त्याच्या मुळाशी कुठलीही मोजदाद नाही. हे कृत्य कायद्याने आणि चर्चनेही निषिद्ध मानलेलं होतं, त्यामुळे ते लपूनछपून चालायचं. बर्नींनी त्या प्रवासात ठिकठिकाणी विचारून पाहिलं. मिलानवाले म्हणाले व्हेनिसला होतं, व्हेनिसवाल्यांनी बोलोन्याकडे बोट दाखवलं, बोलोन्याने फ्लॉरेन्सकडे, तिथून रोम, रोमहून नेपल्स. प्रत्येक गावाने हात झटकले आणि बर्नींनी ते जसंच्या तसं लिहून ठेवलं. त्या काळात तिथे फिरणाऱ्या माणसाला जे सापडलं नाही, ते आपल्याला गोल आकड्यात कसं सापडेल?

छातीच्या आवाजात वरचा 'सी' लावणारा पहिला टेनर जिल्बेर द्युप्रे, हे तरी ठरलेलं आहे ना?

निम्मं ठरलेलं आहे. पेटीवरच्या मधल्या पांढरी एकच्या वरच्या सप्तकातली पांढरी एक, तो हा स्वर. तोवरचे टेनर एवढ्या उंचीवर आवाज हलका करून, डोक्याच्या आवाजाकडे वळवून गायचे. द्युप्रेने १८३१ मध्ये लुक्का इथे रोसिनीच्या 'ग्विल्येल्मो तेल'मध्ये तो भरीव आवाजात लावला आणि एप्रिल १८३७ मध्ये पॅरिसला तेच केलं, तेव्हा लोक वेडे झाले. रोसिनीला ते आवडलं नव्हतं. गळा चिरताना कोंबडा ओरडतो तसा तो स्वर वाटतो, असं त्याने म्हटल्याचं सांगतात. १८४० मध्ये दोन फ्रेंच डॉक्टरांनी या नव्या गडद आवाजावर निबंधही लिहिला. एवढं सगळं कागदोपत्री आहे. पण आधी कुणीच, कुठेच, एखाद्या लहान गावातल्या नाट्यगृहात तसा स्वर लावला नव्हता, हे सिद्ध करायचा मार्ग नाही. "पहिला गाजलेला" म्हणा, भांडण नाही.

याच गोष्टीचा उत्तरार्ध मात्र मला खटकतो. पॅरिसचा आधीचा लाडका टेनर आदोल्फ नुरी याने "द्युप्रेच्या एका स्वरामुळे" जीव दिला, असं रंगवून सांगतात. मार्च १८३९ मध्ये नेपल्सला नुरीने आत्महत्या केली हे खरं. पण तो आजारी होता, मनाने खचलेला होता, नव्या पद्धतीने गायला शिकताना जुना आवाज हातचा गेल्याचं दुःख त्याला होतं, आणि दोनित्सेत्तीने त्याच्यासाठी लिहिलेल्या 'पोलिऊतो' या ऑपेरावर नेपल्सच्या राजाने १८३८ मध्ये बंदी घातली होती. एका माणसाच्या एवढ्या यातना एका स्वराच्या किश्शात बसवणं मला अन्यायाचं वाटतं.

जुन्या तबकड्या आहेत ना? त्या ऐकल्या की वाद मिटला!

तबकडी मोठी साक्षीदार आहे, पण तिची साक्ष उलटतपासणी करून घ्यावी लागते.

१९२५ मध्ये विजेवर चालणारं मुद्रण आलं. त्याआधी गायक कर्ण्याच्या तोंडाशी उभा राहून गायचा आणि त्याच्या आवाजाच्या धक्क्यानेच मेणावर रेघ उमटायची. या पद्धतीत खर्जाचा बराचसा भाग आणि साधारण अडीच हजार हर्ट्झच्या (सेकंदाला अडीच हजार कंपनांच्या) वरचा जवळजवळ सगळा भाग गळून जायचा. नेमकी इथेच मेख आहे. स्वीडनचे योहान सुंडबर्ग यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं, की ऑपेरातल्या, विशेषतः पुरुष गायकांच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास एक खास तेज असतं. वाद्यवृंदाचा जोर मुख्यतः ५०० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणून त्या तेजाच्या बळावर माइकशिवाय एकटा गळा साठ-सत्तर वाद्यांच्या वर ऐकू येतो. कर्ण्याने नेमकं ते तेजच गाळून टाकलं. कारुझोची पहिली तबकडी १९०२ ची, शेवटची १९२० ची. त्याची एकूण एक मुद्रणं कर्ण्याच्या काळातली आहेत. जे आपल्याला ऐकू येतं ते एवढं थोर आहे, तर समोर बसून ऐकणाऱ्यांना काय मिळालं असेल!

आवाज लहान की मोठा, हे तर तबकडीवरून मुळीच ठरवू नये. दमदार गळ्याच्या गायकाला वरचा स्वर आला की मागे सरकावं लागायचं, नाहीतर सुई उडायची. नाजूक आवाजवाला कर्ण्यात तोंड घालून गायचा. तबकडीवर दोघे सारखेच.

आता वेगाचं पाहू. या तबकड्यांना आपण सरसकट "७८ च्या" म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात त्या मिनिटाला सत्तरच्या आतबाहेरपासून पार ऐंशीच्या वर, कोणत्याही वेगाने मुद्रित व्हायच्या. ७४ फेऱ्यांवर झालेली तबकडी ७८ वर वाजवली की सगळं गाणं जवळजवळ अर्धा स्वर वर चढतं. काळी एकमधला गायक पांढरी दोनमध्ये ऐकू येतो. नुसती पट्टीच बदलत नाही, लय वाढते, आवाजाचा पोत पातळ होतो आणि स्वरातला कंप घाईघाईचा, बकरीसारखा लागतो. "जुन्या गायकांचा कंप फार जलद असायचा" हे मत कितीतरी वेळा चुकीच्या वेगाने वाजवलेल्या तबकडीवरून बनलेलं असतं. आपल्या जुन्या गवयांच्या तबकड्यांवरून त्यांची पट्टी सांगणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं.

शिवाय एका बाजूला तीन ते साडेचार मिनिटं, एवढीच जागा. आरिया कापायची, लय वाढवायची, कसंतरी बसवायचं. त्यावरून त्या गायकाच्या लयीबद्दल निष्कर्ष काढणं धोक्याचं. आणि गायकाचं वयही पाहायला हवं. आदेलिना पात्तीने वेल्समधल्या आपल्या वाड्यात डिसेंबर १९०५ मध्ये पहिल्या तबकड्या दिल्या तेव्हा ती ६२ वर्षांची होती. तिची खरी कारकीर्द त्याआधीच्या चाळीस वर्षांत होऊन गेली होती.

मोठ्या कंपनीचं, स्टुडिओतलं आधुनिक मुद्रण तरी विश्वासाचं असेल?

बहुतांशी असतं. तरी फुर्टव्हेंगलर यांनी संचालित केलेल्या, वाग्नरच्या 'ट्रिस्टान' ऑपेराच्या १९५२ च्या मुद्रणात कर्स्टन फ्लागस्टाट यांच्या भूमिकेतले दोन वरचे 'सी' एलिझाबेथ श्वार्त्सकोप्फ यांनी गायले आहेत, हे लक्षात असू द्या. बाहेरून काही कळत नाही. कारुझोच्या जुन्या आवाजामागे १९३२ मध्ये नवा वाद्यवृंद मुद्रित करून जोडलेल्या तबकड्याही निघाल्या. आपण नेमकं काय ऐकतोय हे ज्याला ठाऊक नाही, त्याने "कारुझोचा आवाज वाद्यवृंदावर कसा तरंगतो पहा" असं म्हणून काय उपयोग?

"पूर्वीसारखं आता कुणी गात नाही." यात तथ्य आहे का?

पिएर फ्रांचेस्को तोसी हे स्वतः कास्त्रातो गायक. १७२३ मध्ये बोलोन्यात त्यांनी गायनावर पुस्तक छापलं. जुने गवई भावाने गायचे, आजचे नुसत्या ताना मारतात, ही त्यांची तक्रार. १७७४ मध्ये व्हिएन्नात मानचिनी यांनीही गायनकलेच्या ऱ्हासाचं दुःख मांडलं. ज्या काळाला आजचे जाणकार सुवर्णयुग म्हणतात, त्याच काळातली ही रड आहे.

म्हणून काहीच बदललं नाही असंही नाही. नाट्यगृहं मोठी झाली, वाद्यं बुलंद झाली, पट्टी हलली, भाषेच्या उच्चारांची निगा कमी झाली. जुन्या तबकड्यांवरचे गायक स्वर सोडताना, दोन स्वर जोडताना जे नाजूक काम करतात ते आज क्वचित ऐकू येतं, आणि मला त्याची हुरहूर लागते. पण ती माझी आवड आहे. तिला मी इतिहासाचा नियम म्हणून पुढे करणार नाही.

बेल कांतोचं गुपित आपल्याला ठाऊक आहे असं काहीजण सांगतात. ते काय प्रकरण आहे?

'बेल कांतो' म्हणजे सुंदर गाणं. अठराव्या शतकातले गवई आपल्या गायकीला हे लेबल लावत नव्हते. ते रूढ झालं एकोणिसाव्या शतकात, जुनं काहीतरी हरवलं अशी भावना दाटून आल्यावर. त्यामुळे "मूळ बेल कांतो पद्धत" हे शब्द कुणी वापरले की मी आधी एवढंच विचारतो, कोणाची, कोणत्या दशकातली?

गुपिताच्या गोष्टीत हमखास येणारी आख्यायिका पोर्पोराची. नेपल्सच्या या गुरूने काफारेल्ली या कास्त्रातो शिष्याकडून पाच-सहा वर्षं एकाच पानावरचे पलटे घोटून घेतले आणि शेवटी सांगितलं, जा, तू आता युरोपातला सर्वांत मोठा गायक आहेस. गोष्ट गोड आहे, आपल्याकडच्या "बारा वर्षं फक्त षड्ज" या कथेची सख्खी बहीणच. ती पसरली ती एकोणिसाव्या शतकातल्या लेखकांच्या हातून. ते पान म्हणून विकायला आणलेलं काही दिसलं, तर पैसे घरातच ठेवा.

"मी थेट गार्सियांच्या परंपरेतला" असं सांगणाऱ्या शिक्षकावर विश्वास ठेवावा का?

मान्युएल गार्सिया हे खरोखर अफाट माणूस. १८०५ ते १९०६, १०१ वर्षांचं आयुष्य. आवाज गमावून आलेल्या जेनी लिंडला त्यांनी आधी काही आठवडे गप्प बसवलं आणि मग नव्याने शिकवलं. १८५४ मध्ये एका छोट्या आरशाच्या मदतीने त्यांनी स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहिली आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ते मांडलं. ते डॉक्टर नव्हते, गाणं शिकवणारे होते. त्यांच्या शिष्या माथिल्दे मार्केसी, आणि मार्केसींच्या शिष्या म्हणजे नामवंत गायिका नेली मेल्बा, एमा ईम्स, एमा काल्वे.

शिष्य-प्रशिष्यांचा पसारा इतका मोठा, की आज त्यांच्याशी धागा जोडणं अवघड नाही. आपण घराण्यांचा देश आहोत, आपल्याला हे समजावून सांगायला नको. एकाच उस्तादांचे तीन शागीर्द तीन तऱ्हेने गातात आणि तिघेही "अस्सल तालीम माझीच" म्हणतात. चार पिढ्यांत प्रत्येकाने स्वतःच्या गळ्याप्रमाणे काही घातलं, काही गाळलं. परंपरेचा मान राखावा, पण शिक्षक पारखायचा तो त्याच्या आजच्या विद्यार्थ्यांचे गळे ऐकून. गार्सियांनी काय सांगितलं हे पाहायचं असेल, तर त्यांनी स्वतः लिहिलेला ग्रंथ उपलब्ध आहे.

इटलीचे संगीतकार व्हेर्दी यांच्या ४३२ हर्ट्झचं काय? त्या पट्टीत गायलं की आवाज आणि मन दोन्ही बरं होतं म्हणे.

१८८४ मध्ये इटलीच्या सरकारी समितीला व्हेर्दींनी पत्र लिहिलं, हे खरं. त्यांचा आग्रह होता तो सगळ्या जगात एकच पट्टी असावी यासाठी. फ्रान्सने १८५९ मध्ये ठरवलेली ४३५ ची पट्टी (मधल्या 'ए' स्वराची सेकंदाला ४३५ कंपनं) त्यांना मान्यच होती. समितीला गणिताच्या सोयीसाठी ४३२ हवी असेल तर फरक इतका किरकोळ आहे की आपली हरकत नाही, असा त्यांचा सूर होता. तो फरक अर्ध्या स्वराच्या साधारण आठव्या हिश्शाएवढा. पट्टी थोडी खाली असली तर गळ्यावरचा ताण कमी होतो, यात शंका नाही. विश्वाच्या स्पंदनांचं वगैरे मात्र व्हेर्दींच्या पत्रात काही नाही.

'इल त्रोव्हातोरे'मधला तो प्रसिद्ध वरचा 'सी' व्हेर्दींनी लिहिलेलाच नाही?

नाही. 'दी क्वेल्ला पीरा'च्या शेवटी स्वरलिपीत त्याहून खालचा स्वर आहे. तो 'सी' टेनर मंडळींनी घातला, रसिकांनी डोक्यावर घेतला आणि तीच परंपरा झाली. ७ डिसेंबर २००० ला मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात संगीतसंचालक रिकार्दो मुती यांनी तो गाळला, तेव्हा वरच्या गॅलरीतल्या जाणत्या श्रोत्यांनी आरडाओरडा केला. परंपरा म्हणून तो स्वर गायला माझी ना नाही, मलाही तो ऐकताना अंगावर काटा येतो. "व्हेर्दींचा स्वर गाळला" हे म्हणणं तेवढं चूक.

कारुझोच्या आईला २१ मुलं झाली? गायिका मारिया कालासने बारीक होण्यासाठी पट्टकृमी गिळला?

दोन्ही नाही. कारुझो सात भावंडांतला तिसरा. कालासची गोष्ट निव्वळ वदंता आहे, तिने ती कधी मान्य केली नाही. १९५३-५४ मध्ये तिचं वजन खूप उतरलं हे खरं. त्यामुळेच आवाज गेला की दुसऱ्या कशाने, यावर आजही डॉक्टर आणि गायक यांच्यात मतभेद आहेत. अशा वेळी एकच कारण ठामपणे सांगणाऱ्यापासून जरा लांब राहावं.

ज्यांनी मोठ्या गायकांना प्रत्यक्ष ऐकलंय, त्यांचं तरी प्रमाण मानावं?

त्यांचं ऐकावं, आणि जमलं तर लिहून ठेवावं. सभागृहात आवाज कसा पोहोचत होता, श्रोते कुठे स्तब्ध झाले, हे तबकडी सांगू शकत नाही, ते हीच मंडळी सांगू शकतात. वर्ष, शहर, भूमिका यांच्या बाबतीत मात्र छापील कार्यक्रमपत्रिका आणि वर्तमानपत्रं तपासावीत.

मी गाणं शिकतेय. जाणकारांच्या या भांडणाशी माझा काय संबंध?

सर्वांत जास्त संबंध तुमचाच आहे, कारण इतिहासाच्या नावाखाली सांगितलेल्या चुकीची किंमत तुमचा गळा मोजतो. "जुने टेनर सगळं छातीतूनच गायचे" असं एका शिक्षकांनी सांगितलं म्हणून वर्षभर तसं रेटत राहिलेला एक हुशार मुलगा मी पाहिला आहे. पुढे कित्येक महिने त्याला साधं बोलतानाही त्रास व्हायचा. ते विधान इतिहास म्हणूनही खोटं होतं. द्युप्रेच्या आधीचे टेनर काय करायचे ते वर सांगितलंच आहे. दुखलं की थांबा, आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तिथे परंपरा आड येऊ देऊ नका.

एखादा जाणकार भरवशाचा आहे की नाही, हे पटकन कसं ओळखायचं?

मी त्याला अशी गोष्ट विचारतो की जिचं खरं उत्तर "ते सांगता येणार नाही" हेच आहे. उदाहरणार्थ, फारिनेल्लीचा आवाज कोणत्या आधुनिक गायकासारखा होता? जो थबकतो, "बर्नींनी एवढं लिहिलंय, पलीकडचं ठाऊक नाही" म्हणतो, त्याच्यापाशी मी तासन्‌तास बसतो. जो लगेच नाव घेतो, त्याच्या बाकीच्या गोष्टी मी घरी येऊन तपासतो. तबकडी लावताना जो वेग जुळवून घेतो, मुद्रणाचं वर्ष आणि गायकाचं तेव्हाचं वय न विचारता सांगतो, तोही आपला माणूस. आणि चूक दाखवल्यावर पुढच्या वेळी ती सुधारून सांगणारा असेल, तर त्याला सोडू नका.

तुमच्यावर तरी का विश्वास ठेवावा?

ठेवू नका, तपासा. वर जी वर्षं आणि नावं दिली आहेत ती यासाठीच.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

कारुझोने लेओंकाव्हाल्लोच्या 'पाल्यात्ची'मधली 'व्हेस्ती ला ज्युब्बा' ही एकच आरिया तीनदा दिली आहे. १९०२ मध्ये मिलानला, मग १९०४ मध्ये अमेरिकेत, दोन्ही वेळा पियानोच्या साथीने. तिसऱ्यांदा १९०७ मध्ये वाद्यवृंदासह. तिन्ही एका बैठकीत, दिवे मंद करून ऐका. पहिलीतला कोवळा, भराभर जाणारा आवाज तिसरीपर्यंत केवढा भरतो आणि काळवंडतो ते पहा. मग पुन्हा एकदा ऐका आणि या वेळी कागद घेऊन बसा. त्यातला कोणता फरक कारुझोच्या गळ्यातला, कोणता पियानो जाऊन वाद्यवृंद आल्यामुळे पडलेला आणि कोणता कर्ण्याचा, हे वेगवेगळं लिहायचा प्रयत्न करा. माझ्या कागदावर अजूनही तिसऱ्या रकान्यात खाडाखोड चालू आहे.